कधी जॉइन होऊ शकता?

माझी कॉलेजातली मैत्रीण नाशिकहून एक दिवाळी अंक काढते. यंदा तिचा फोन आला. "नीले, तू आयुष्यभर लोकांच्या मुलाखती घेतल्यास. मुलाखतीत नेहमी कुठले प्रश्न येतात आणि त्यांना कसं सामोरं जायचं, यावर लिही. तरुण पोरांना उपयोग होईल. आणि हे बघ, जरा पॉझिटिव्ह लिही." मी हो म्हटलं, कारण तिला नाही म्हटलं की ती पुन्हा फोन करते. पॉझिटिव्हचं मात्र मी काही कबूल केलेलं नाही.

मी दोह्यात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या एचआरमध्ये होते. नवऱ्याच्या मागोमाग इथे आले, घरात बसवेना म्हणून नोकरी धरली, ती गेल्या वर्षीपर्यंत चिकटली. आमची कंपनी माणसं पुरवायची. गॅसच्या प्लँटमध्ये, रस्त्यांच्या कामांवर, इमारतींवर. फिटरपासून इंजिनिअरपर्यंत सगळे आमच्या टेबलासमोर बसून गेले. टेबलाच्या अलीकडे बसलं की वाटतं, आपण माणसं पारखतोय. पारखबिरख काही नसते. निम्म्या वेळा कुणाला घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्या वेळा साहेबाला भूक लागलेली असते.

तरी प्रश्न विचारावेच लागतात. पहिला ठरलेला, "स्वतःबद्दल सांगा." याचा अर्थ एवढाच की या कामाला तुम्ही का हवे, ते थोडक्यात बोला. आपल्या माणसाला तो अर्थ लागत नाही. तो मूळ गावापासून सुरुवात करतो. जालन्याकडचे एक गृहस्थ क्रेन सुपरवायझरच्या जागेसाठी आले होते. त्यांनी आजोबांपासून धरलं. आजोबा, मग चुलते, मग भावांची लग्नं. आमचा लेबनीज मॅनेजर मला हळूच म्हणाला, "यात क्रेन कधी येणार?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." ते वडिलांच्या बायपासपर्यंत पोहोचले आणि वेळ संपली. माणूस कामाचा होता हो. मी पुढे रदबदली केली, पण साहेबाच्या डोक्यात बायपासच बसला होता.

दुसरा, "तुमचा एखादा दोष सांगा." यावर सगळी पोरं पाठ केलेलं सांगतात, मी फार परफेक्शनिस्ट आहे. ऐकून ऐकून कान किटले. खरा दोष सांगावा, लहानसा, आणि त्यावर आपण काय करतो तेही सांगावं. असं उत्तर मी एकदाच ऐकलं. वसईचा एक स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, मला राग पटकन येतो आणि मग मी जेवत नाही." त्याला घेतलं. पुढे कधी त्रास झाला नाही. कँटीनमध्ये दिसला नाही की आम्ही समजायचो, आज स्टोअरकडे फिरकायचं नाही.

तिसरा, "पगाराची अपेक्षा?" इथे आपली माणसं म्हणतात, "तुम्ही द्याल ते." सोयरिकीच्या बैठकीत हे शोभतं. मुलाखतीत समोरचा त्याचा अर्थ लावतो की याला दुसरं कुणी विचारत नाही. आकडा सांगावा आणि गप्प बसावं. ते गप्प बसणंच जमत नाही. लोक आकडा सांगतात आणि लगेच स्वतःच तो खाली आणतात, गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत भाव उतरवणाऱ्या भाजीवाल्यासारखे.

झालं. एवढ्यावर बहुतेक लेख संपतात. पण आखातात आणखी एक प्रश्न असतो, शेवटी विचारतात, उठता उठता, अगदी सहज. "कधी जॉइन होऊ शकता?"

हा प्रश्न भारतातल्या माणसाला किरकोळ वाटेल. इथे तसा नाही. इथे तुमचं राहणंच नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली, कंपनीने कागद रद्द केले की थोडी मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी धरली तर राहायचं, नाही तर बायकोमुलांसकट खलास. भाड्याचं घर, गाडी, मुलांची शाळा, सगळं राहण्याच्या परवान्याच्या एका कार्डावर लटकलेलं. त्यामुळे ज्याची नोकरी गेली तो जीव मुठीत धरून असतो.

आणि आपण मराठी लोक हे लपवतो. मल्याळी माणसाची नोकरी गेली तर संध्याकाळपर्यंत त्याच्या सगळ्या गाववाल्यांना कळतं आणि चार जण त्याचा सीव्ही घेऊन फिरायला लागतात. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. आपला माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो. मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे उभा असतो. कुणी विचारलं, काम कसं चाललंय, तर म्हणतो, श्वास घ्यायला फुरसत नाही. असे किती तरी मी पाहिले. मुदत निम्मी सरल्यावर माझ्याकडे यायचे, तेही बायकोने ढकलल्यावर.

विलासराव तसेच आले, माझी नोकरी संपल्यावर. नाव बदललंय. ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प बसावं.

आधी त्यांची बायको मंजिरी आली, आमच्या अल मन्सूरा भागातल्या घरी, सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर. चहाचा कप हातात धरून बसली, प्यायली नाही. म्हणाली, "ताई, यांचा प्रोजेक्ट संपला आणि कंपनीने काढलं. कुणालाच माहीत नाही. ईशालासुद्धा सांगितलेलं नाही." ईशा त्यांची एकुलती एक. बारावीला होती, इथल्या इंडियन स्कूलमध्ये, प्रिलिम तोंडावर आलेली. मुदतीच्या आत विलासरावांना नोकरी लागली नाही तर बोर्डाच्या परीक्षेआधी तिघांनाही देश सोडावा लागणार होता. त्यांच्या गावी, नाशिकला, मंजिरीने दोन-तीन शाळांत फोन करून पाहिला होता. बारावीत असं मधेच कुणी घ्यायला तयार नव्हतं. म्हणजे पोरीचं वर्ष जाणार.

"एक वर्ष गेलं तर काय होतं, असं लोक म्हणतात," मंजिरी म्हणाली. "ज्यांचं जात नाही तेच म्हणतात." मला ते पटलं.

विलासराव इन्स्पेक्शन इंजिनिअर. पाइपलाइनचे जोड तपासणं, वेल्डिंग पक्कं आहे की नाही ते बघणं आणि मगच सही करणं, हे त्यांचं काम. पन्नाशी ओलांडलेली. बोलायला असे की दातांतून शब्द ओढून काढावा लागे. मी त्यांना आमच्या डायनिंग टेबलाशी बसवलं आणि मुलाखत घ्यायला लागले. विचारलं, तुमची मोठी कामगिरी कुठली?

"तसं विशेष काही नाही. टीमने केलं सगळं."

"टीम आली नाहीये मुलाखतीला, विलासराव. तुम्ही आलाय."

खूप उकरल्यावर निघालं ते असं. एका प्लँटमध्ये लाइन सुरू करायच्या आदल्या दिवशी यांना एका जोडात बारीक चीर दिसली. सगळे म्हणत होते, सही करा, नंतर बघू. यांनी सही केली नाही. शिव्या खाल्ल्या, पण केली नाही. जोड कापून पाहिला तेव्हा चीर आतपर्यंत गेलेली निघाली. लाइन तशीच सुरू केली असती तर माणसं मेली असती. आणि ही गोष्ट हे गृहस्थ मला सांगत होते, "एक इश्यू आला होता, सॉल्व्ह झाला."

"सॉल्व्ह झाला? कुणी केला? आपोआप झाला?"

"स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं, ताई?"

"मग मी येऊ का शेजारी बसून सांगायला?"

बरोबर आलेली मंजिरी आमच्या स्वयंपाकघरातून हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी, कारण विलासराव वळून बघायला लागले. मी त्यांना सांगितलं, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत आणि बोलणाऱ्याचे हुलगे विकतात. तुमच्याकडे गहू आहेत, तोंड उघडा. त्यांनी उघडलं. दर दोन दिवसांनी यायचे. हळूहळू ती चिरेची गोष्ट ते सरळ मान करून सांगायला लागले. माझ्या धंद्यात समाधान म्हणून जे काही असतं ते एवढंच, की समोरच्या माणसाला आपण कोण आहोत हे बोलता येतं.

शेवटच्या प्रश्नाला मात्र ते अडायचे. कधी जॉइन होऊ शकता? तर म्हणायचे, "एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल."

"कुठली नोटीस? नोकरी आहे कुठे?"

"लगेच येतो म्हटलं की हाकललेला माणूस वाटतो."

मी कपाळाला हात लावला. त्यांना समजावलं की तोच तुमचा हुकमाचा एक्का आहे. प्रोजेक्ट संपला, यात लाज कसली? शटडाउन असतं, म्हणजे प्लँट काही दिवस बंद ठेवून दुरुस्ती करतात, तेव्हा एकेक दिवस महागात पडतो. त्यांना माणूस कालच हवा असतो. तुम्ही म्हणा, प्रोजेक्ट संपलाय, मी उद्या येऊ शकतो. त्यांनी ते म्हटलं. मंजिरी आतून म्हणाली, "परत म्हणा." त्यांनी परत म्हटलं. शेवटी शेवटी तर हसत म्हणायला लागले.

जागाही तशीच चालून आली. वसईची फिलोमिना, आम्ही तिला फिलू म्हणतो, माझी जुनी मैत्रीण, दुसऱ्या एका कंपनीत एचआरला. तिचा फोन आला, शटडाउनसाठी इन्स्पेक्शन इंजिनिअर हवाय, कुणी आहे का? मी विलासरावांचा सीव्ही पाठवला. त्यांची नोकरी गेलीय हे मात्र तिला सांगितलं नाही, कारण विलासरावांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणाले, "मी सांगेन ना मुलाखतीत, माझं मी." मी शब्द पाळला. शब्द पाळणं चांगलं असतं असं आपल्याला शिकवलेलं असतं.

मुलाखत बुधवारी होती. दुपारी फिलूचा फोन. "नीला, काय माणूस पाठवलास गं. ती वेल्डिंगची गोष्ट सांगितली ना त्याने, आमचा इजिप्शियन मॅनेजर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता. सगळ्यांत चांगला तोच."

"मग?"

"मग काय? महिन्याची नोटीस म्हणाला. आम्हाला रविवारी साइटवर पाहिजे. दुसरा एक होता, ठीकठाक, तो म्हणाला उद्या येतो. त्याला ऑफर दिली."

मग मी शब्दबिब्द सोडला. म्हटलं, "फिलू, त्याला कसली नोटीस नाही. त्याची नोकरी केव्हाच गेलीय. तो आज संध्याकाळी येईल."

फिलू म्हणाली, "मला आधी का नाही गं सांगितलंस?"

तिने मॅनेजरला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, सकाळी एक सांगतो आणि दुपारी दुसरं सांगतो, अशा माणसाच्या सहीवर मी प्लँट सुरू करू? इतकी वर्षं चुकीची सही न करणाऱ्या माणसाबद्दल तो हे म्हणाला. आणि त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. दुसऱ्या माणसाने ऑफरवर सही केलेली होती. "खलास, नीला," फिलू म्हणाली.

संध्याकाळी विलासराव आले. मी दारातच सुरुवात केली. काय नाही ते बोलले. इतक्या वेळा घोकून घेतलं, बायको आतून म्हणवून घेत होती, आणि ऐनवेळी तुमची ती महिन्याची नोटीस कुठून उपटली?

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समोर पाटणकर होते."

पाटणकर आमच्या मंडळातले, फिलूच्या कंपनीत टेक्निकल हेड. मुलाखतीला दुसरं कुणी बसणार होतं, ते आजारी पडले म्हणून आयत्या वेळी पाटणकरांना बोलावलं. विलासराव आत गेले तर समोर ते. त्यांना विलासराव गणपतीत सांगून आले होते, श्वास घ्यायला फुरसत नाही.

"असतील पाटणकर. ते काय खाणार होते तुम्हाला?"

"त्यांची सई आणि आमची ईशा एका वर्गात आहेत, ताई. एका बाकावर बसतात. पाटणकर भला माणूस आहे, पण घरी जेवताना सहज बोलला असता, बिचाऱ्या विलासची नोकरी गेली. सकाळी शाळेत सईने ईशाला सांगितलं असतं. उद्या तिची फिजिक्सची प्रिलिम आहे. बापाने लपवलं आणि मैत्रिणीकडून कळलं, असं तिला..." ते थांबले. "मला वाटलं, मुलाखत चांगली झालीय, महिना म्हटलं तरी घेतील. ऑफर हातात आली की त्यांना म्हणेन, लवकर सोडतायत. आणि घरी तिला सगळं एकदमच सांगेन. गेली होती, आणि लागलीसुद्धा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण याला कर्म तरी कसं म्हणायचं? पोरीचा एक पेपर नीट जावा म्हणून त्या माणसाने तिचं वर्ष घालवलं, आणि त्या क्षणी त्याला यातलं काही दिसत नव्हतं.

पाटणकरांना फिलूकडून कळलं. ते विलासरावांच्या घरी गेले, मग माझ्याकडे आले. म्हणाले, "मी त्याची शिफारस केली हो. सगळ्यांत वर त्याचं नाव लिहिलं होतं मी. नुसतं बाहेर येऊन कानात सांगितलं असतं तरी..." मी त्यांना पाणी दिलं. त्यांना द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

उरलेल्या मुदतीत मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. लोक गोड बोलायचे. वय विचारायचे आणि कळवतो म्हणायचे. आता हे वयाचं बघा, तो प्रश्न मुलाखतीत कुणी विचारत नाही, त्यामुळे त्याचं उत्तरही तयार करता येत नाही. आयुष्यभर लोकांना मी जे शिकवलं ते सगळं विचारलेल्या प्रश्नांपुरतं होतं. ज्या प्रश्नांवर माणूस पडतो ते बहुतेक दुसरेच असतात, टेबलावर येतच नाहीत. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी मी शिकवत राहिले, कारण समोर बसलेल्या माणसाला काहीतरी करत असल्यासारखं वाटतं. कदाचित मलाही वाटत असेल.

बोलावणं कुठूनच आलं नाही. विलासरावांनी मग ईशाला सांगितलं. काय सांगितलं, तिने काय म्हटलं, ते मी विचारलं नाही. सामान विकायला काढलं. इथे जाणाऱ्यांचं सामान दोन दिवसांत उठतं, जणू घेणारे दाराबाहेर उभेच असतात.

निघायच्या आदल्या दिवशी ईशा एकटीच आमच्याकडे आली, इस्त्रीचं टेबल घेऊन. मंजिरीने ते मला द्यायला सांगितलं होतं. ही पोर मराठी सगळं समजते, पण उत्तर कायम इंग्रजीत. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलायला लागली, अडखळत, शब्द शोधत.

"काकू, मला माहीत होतं. फर्स्ट वीकपासून."

"काय माहीत होतं?"

"बाबांचा जॉब. बाबा रोज जेवताना बॉसची अ‍ॅक्टिंग करायचे ना, खूप शिव्या द्यायचे त्याला. मग एकदम बंद झालं. जॉब असला की माणूस बॉसला शिव्या देणं बंद नाही करत."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"ते इतकं ट्राय करत होते, मला कळू नये म्हणून." तिने खांदे उडवले. "मग मीपण केलं."

म्हणजे पाटणकरांसमोर त्या माणसाने जे झाकलं ते झाकायची गरजच नव्हती. घरात तिघं एका टेबलावर जेवत होते, तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांना सांभाळत होते. मी ईशाला विचारलं, हे बाबांना सांगितलंस का? ती म्हणाली, नाही, कधीच नाही सांगणार. मुलाखतीत पाटणकर समोर होते हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

ती जायला उठली. दारात थांबली.

"काकू, तुम्ही इंटरव्ह्यूचं शिकवता ना? माझं हे वर्ष जाणार. पुढे कॉलेजला, जॉबला, कुणी विचारलं की इथे गॅप का आहे, तर काय सांगायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. कितीतरी जणांना दिलेलं, तयार उत्तर. मी तिला सांगितलं, "म्हणायचं, आमच्या कुटुंबाला भारतात परत यावं लागलं, त्यात एक वर्ष गेलं. त्या वर्षात मी काय वाचलं, काय शिकले, ते मग सांगायचं. कारण द्यायचं नाही. खाली बघायचं नाही."

"त्यात बाबा येत नाहीत ना?"

"नाही येत."

तिने ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. सरळ उभी राहून, माझ्याकडे बघत, कुठे न अडखळता. मग स्वतःहून एकदा परत म्हटलं. सतरा वर्षांची मुलगी. इतकं चोख उत्तर माझ्या टेबलासमोर क्वचितच कुणी दिलं असेल. इतकी वर्षं सगळ्यांना म्हणत आले तसं मी तिलाही "छान" म्हटलं, आणि मला माझ्या त्या शब्दाची किळस आली.